पडद्याच्या रंगाची कहाणी

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती आणि नशिराबादच्या आमच्या जुन्या घरी माळा झाडण्याचे काम निघाले होते. फुटक्या घागरी, एक पाय गेलेला पाळणा, कोणाच्या तरी लग्नातल्या पत्रावळींचा गठ्ठा असे एकेक खाली येत असता शेवटी दोन माणसांनी मिळून एक लांबलचक बांबू उतरवला. त्याला कापड गुंडाळलेले होते. वरची सुतळी तोडली आणि ओसरीवर तो गुंडाळा दोन हात उलगडला, तोच आमच्या पुतण्याने हात झटकला. त्याचा तळवा निळा झाला होता.

तो गावच्या हौशी नाटकवाल्यांचा पडदा होता. वर आकाश, खाली बगीचा, मध्ये एक कारंजे आणि उजव्या कोपऱ्यात वडाचे झाड. राजवाड्याच्या बगीच्यात वड कसा, हे विचारायला रंगवणारा आज हयात नाही. त्याचे नावही पडद्यावर नाही. गणेशोत्सवातली नाटके बंद पडली, मंडळी पांगली, आणि ज्याच्या घरी माळा मोठा त्याच्याकडे हा पडदा राहिला, इतकेच काय ते मला ठाऊक.

पुतण्या जळगावला रंगाच्या दुकानात असतो. तो म्हणाला, "काका, सोपे आहे. व्हार्निशचा एक हात मारतो. रंग जागच्या जागी बसेल आणि चमकेलही." शेजारचे म्हातारेबुवा ओट्यावरून हे ऐकत होते. ते ओरडले, "हात नको लावू भाऊ, सारं उडी जाईन!" एकाचे म्हणणे काहीतरी करा, दुसऱ्याचे म्हणणे काहीच करू नका. मी दोघांनाही म्हटले, आजची रात्र थांबा. ती रात्र पुढे चार-पाच महिने लांबली. कारण पडद्यावर व्हार्निश मारावे की नाही, हे ठरवण्याआधी तो रंग मुळात होता कशाचा आणि तोच का निवडला गेला, हे समजून घेणे भाग होते. त्या चौकशीत जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या रंगभूमीचा जन्म पडद्यावाचून नव्हे, पण चित्रावाचून झाला, असे म्हणता येईल. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पाठीमागे एक साधा पडदा होता. अरण्य, राजवाडा, समुद्र हे सारे सूत्रधाराच्या गाण्यातून प्रेक्षकांनी मनात उभे करायचे. राक्षस आला की मशालीवर राळ उडायची, भडका व्हायचा आणि तेवढ्याने लंका दिसायची. पुढे मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात भाव्यांच्या मंडळीचे खेळ झाले. त्या शहरात इंग्रजी नाटके होत, आणि पारशी मंडळ्याही थोड्याच काळात उभ्या राहिल्या. पारशी कंपन्यांनी विलायती धर्तीचे चितारलेले पडदे आणले आणि लोकांचे डोळे दिपले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, त्यामागे पारशी मंडळीचा एक खेळ पाहून आलेली जिद्द होती असे सांगतात. संगीत नाटकाचे युग सुरू झाले आणि त्याच्याबरोबर पडद्यांचेही.

त्या काळच्या कंपनीजवळ पडद्यांचा ठरीव संच असे. राजवाडा, रस्ता, अरण्य, बगीचा, देऊळ, तुरुंग. नाटक कोणतेही असो, प्रवेश या पाच-सहा जागी घडवून आणणे हे नाटककाराचे कर्तव्यच होऊन बसले होते. रस्त्याचा पडदा पुढच्या बाजूला सोडायचा, त्याच्यापुढे विनोदी पात्रांनी दोन घटका बोलायचे, आणि तेवढ्यात मागे राजवाडा मांडून घ्यायचा. जुन्या नाटकांत विनोदी प्रवेश इतके का, याचे उत्तर वाङ्मयाच्या पुस्तकांइतकेच या पडद्याच्या दोरीतही सापडते, असे माझे मत आहे.

आता असा पडदा केवढा असतो, ते पाहा. वीस फूट लांब आणि पंधरा फूट उंच म्हटला तरी तीनशे चौरस फूट कापड झाले. मांजरपाटाचे पट्टे आडवे शिवून ते करायचे, वर-खाली बांबू किंवा लाकडी रूळ, बाजूला दोऱ्या आणि कप्प्या. पडदा रोज रात्री चार वेळा वर जायचा, चार वेळा खाली यायचा. मुक्काम हलला की गुंडाळून बैलगाडीत, तिथून रेल्वेच्या डब्यात. खानदेशापुरते बोलायचे तर कापसाचा पैसा हाती खेळू लागला की जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे या बाजूंना कंपन्यांचे पाय वळत, आणि याच वाटेने पुढे वऱ्हाडात अकोला-अमरावती करीत त्या नागपुरापर्यंत जात. मुंबईहून नागपूरला जाणारी लोहमार्गाची वाट १८६७ साली पुरी झाली होती. आमचे नशिराबाद त्या रुळांपासून फार दूर नाही. भादलीचे ठेसन जवळच. पण बांगड्यांचे हे गाव कंपन्यांच्या मोठ्या मुक्कामाचे नव्हते. मोठे नाटक पाहायचे तर जळगाव गाठायचे. त्या जळगावात नारायण राजहंस नावाचा मुलगा लहानपणी काही काळ राहिला आणि मेहबूबखाँ यांच्यापाशी गाण्याचे पहिले धडे घेऊन गेला. तोच पुढे बालगंधर्व झाला, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी आम्हांला इतक्या वेळा सांगितले आहे की जणू त्याचे नाव यांनीच ठेवले!

असो. सांगायचे ते हे की, पडद्याला लागणारा रंग आणि भिंतीवरच्या चौकटीतल्या चित्राला लागणारा रंग यांची प्रकृतीच निराळी.

चौकटीतल्या चित्राला त्या काळी मान होता तो तैलरंगाचा. राजा रविवर्म्यांच्या चित्रांनी घराघरातल्या देवांना चेहरे दिले होते. १८९४ साली त्यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि ती चित्रे दिवाणखान्यापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचली. नाटकमंडळीच्या मालकालाही वाटे की आपली शकुंतला अशाच चित्रासमोर उभी राहावी. तेव्हा पडद्यालाही तेलाचाच रंग का नको? दिसायला भरदार, पाण्याने न जाणारा, टिकाऊ. दुकानात बसून विचार केला तर याच्याविरुद्ध बोलायला काही सापडत नाही.

सापडते ते पडदा टांगल्यावर. जवसाच्या तेलात खललेला रंग कापडावर सावकाश वाळतो. तीनशे चौरस फुटांचा पडदा वाळेपर्यंत कंपनीचा मुक्काम संपायचा. वाळला तरी त्याची कातडी जड. ती गुंडाळली की चिरा पडतात, आणि उन्हाळ्यात गुंडाळलेला पडदा स्वतःलाच चिकटतो. खानदेशचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला हे अधिक सांगायला नको. दुसरे असे की तेलाला तकाकी असते. दिवाणखान्यात ती शोभते. रंगमंचावर पायाशी दिव्यांची रांग असते, तिचा उजेड खालून वर जातो आणि तैलरंगाच्या आकाशावर दिव्यांच्या ज्योतींची प्रतिबिंबे चमकू लागतात. दुष्यंत अरण्यात उभा, आणि अरण्याला ताटासारखी झिलई! आणि तिसरे म्हणजे आग. तेलाने माखलेले कापड आणि खाली उघडे दिवे यांची सोयरीक कोणाच्याही पथ्यावर पडणारी नव्हती.

म्हणून युरोपात काय आणि आपल्याकडे काय, पडदे रंगवणारे वळले ते सरसाकडे. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला हा चिकट पदार्थ सुताराच्या कामाचा. त्याच्या पातळ पाण्यात कोरड्या रंगाची पूड कालवायची, की झाला पडद्याचा रंग. तो तासाभरात वाळतो, वजनाला हलका, दिव्यापुढे मातीसारखा निस्तेज, म्हणजे पाहिजे तसाच, आणि गुंडाळला तरी कापडाबरोबर वाकतो. मात्र एक अट आहे. सरसाचे माप बिनचूक हवे.

आणि खरे कौशल्य या मापात होते. सरसाचे तुकडे रात्रभर भिजत घालायचे. सकाळी त्यांचे भांडे दुसऱ्या पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर वितळवायचे. थेट चुलीवर ठेवले की सरस करपतो आणि त्याचा चिकटपणा मरतो. मग त्यात दहापट, पंधरापट पाणी घालायचे. किती, हे सरसाच्या जातीवर, हवेवर आणि रंगाच्या पुडीवर अवलंबून. दोन बोटांत धरून पाहायचे. किंचित चिकटले पाहिजे, ओढले तर तार निघता कामा नये. सरस कमी पडला तर वाळल्यावर रंगाची पूड होते आणि नटाच्या शेल्याला राजवाड्याची भिंत लागते. सरस जास्त झाला तर रंग ताणून धरतो, कडक होतो, चमकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गुंडाळीला त्याचे पोपडे पडतात. थंडीत सरस थिजतो, म्हणून रंगाच्या वाट्या शेगडीपाशी ठेवून कामे करावी लागत. उन्हाळ्यात तो दोन दिवसांत नासतो. त्याच्या वासाचे वर्णन दिवाळीच्या अंकात करणे बरे नव्हे. घरातल्या चुलीवर सरस शिजवायला कोणत्या गृहिणीने परवानगी दिली असेल, असे मला वाटत नाही. बाभळीचा डिंक वापरून हा विटाळ टाळता येतो, पण डिंक वाळला की काचेसारखा कडक होतो आणि पावसाळी हवेत पुन्हा चिकटतो. कागदावरच्या चित्राला तो चालतो, गुंडाळायच्या पडद्याला नाही.

याखेरीज सरसाच्या रंगाची एक खोड अशी की, ओला असताना तो गडद दिसतो आणि वाळला की दोन पायऱ्या फिका होतो. रंगवणाऱ्याला डोळ्यांपुढे दिसते ते एक आकाश, आणि उद्या सकाळी दिसणार ते दुसरे. त्याने आज रंगवायचे ते उद्याचे. शिवाय पडदा जमिनीवर पसरून, लांब दांड्याच्या कुंचल्याने, त्याच्यावर चालत चालत रंगवायचा. जवळून जे नुसते डाग दिसतात त्यांचे चाळीस फुटांवरून झाड व्हायला हवे, आणि तेही दिवसाच्या उजेडात नव्हे, दिव्याच्या.

दिव्याचे प्रकरण तर स्वतंत्रच आहे. मशाल, पलिता, रॉकेलचा दिवा, मग किटसनची बत्ती, मग वीज असा आपल्या रंगभूमीचा उजेड बदलत गेला. तेलाच्या दिव्याचा उजेड पिवळा. त्यात पिवळा रंग पांढऱ्यासारखा दिसतो, निळ्याचा जीव जातो, तो काळवंडतो किंवा हिरव्यात मिसळतो. म्हणून दिवसा पाहताना जरा भडकच वाटेल असे निळे आकाश रंगवावे लागे, तेव्हा कुठे रात्री ते आकाश वाटायचे. आमच्या माळ्यावरच्या पडद्याचे आकाश पाहून पुतण्या म्हणाला होता, "काय हो हा निळा! गावठी हात." मी पुढे एकदा ओसरीचे विजेचे दिवे मालवून कंदील लावला आणि त्याला पुन्हा पाहायला सांगितले. तो काही बोलला नाही. पण गावठी हा शब्द त्याने नंतर वापरला नाही.

रंगांच्या पुड्या बहुतेक बाजारातल्याच. तांबडा म्हणजे गेरू, पिवळी माती, काळ्यासाठी काजळी, अंगाला भर द्यायला खडूची पूड. हिंगूळ महाग, तो राजाच्या सिंहासनापुरता. हिरव्यात एक भारी चमकदार विलायती रंग येई, पण त्यात सोमल असे. त्याची पूड नाकातोंडात जाणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. निळा मात्र स्वस्त झाला होता, त्यामागे एका फ्रेंच रसायनज्ञाची करामत आहे. पूर्वी अस्सल निळा मिळे तो बदख्शानच्या लाजवर्दी दगडातून, सोन्याच्या भावाने. १८२८ साली गिमे याने तो रंग कृत्रिम रीतीने बनवला आणि राजांचा निळा धोब्याच्या पाटीत आला. कपड्यांना घालायची नीळ ती हीच. आपल्या रंगभूमीवरची कितीतरी आकाशे या धोब्याच्या निळीची आहेत.

आता या निळीचे आणि तुरटीचे वैर ऐका. सरस नासू नये आणि कापड चटकन पेटू नये म्हणून त्यात तुरटी घालण्याची वहिवाट होती. पण निळीला आंबट पदार्थ सोसत नाही. तुरटी अंमळ जास्त झाली की निळा फिकटतो, राखेसारखा होतो. म्हणजे आकाश राखावे तर आगीचे भय, आणि आग टाळावी तर आकाश जाते. टाकणखार वापरला तर निळीला धक्का लागत नाही, कारण तो आंबट नाही. पॅरिसच्या नाटकगृहांतल्या पडद्यांसाठी गे-ल्युसॅक या नामांकित शास्त्रज्ञाने १८२१ सालीच टाकणखार आणि अमोनियाचे क्षार सुचवले होते.

ही भीती पुस्तकी नव्हे. १८८१ च्या डिसेंबरात व्हिएन्नाचे एक नाटकगृह प्रेक्षकांसह जळाले. १९०३ साली शिकागोत विजेच्या प्रखर दिव्याची ठिणगी एका पडद्याला लागली, वर टांगलेल्या शेकडो चितारलेल्या कापडांनी पेट घेतला आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत सुटीच्या दिवसांत खेळ पाहायला आलेल्या बायका आणि मुले पुष्कळ होती. आपल्याकडे खेळ बहुधा कापडी मांडवात किंवा लाकडी थिएटरात होत, आणि राळ तर भाव्यांच्या काळापासून उडतच होती. पाण्याच्या बादल्या विंगेत भरून ठेवणे आणि तुरटी-टाकणखाराचे पाणी पडद्यांना देणे, एवढाच काय तो विमा.

या साऱ्या कारागिरीला आपल्याकडे कळस चढला तो कोल्हापुरात. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ. शाळेत जाऊन चित्रकला शिकलेले नव्हेत. बघून, करून आणि मोडून शिकलेले. १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी आणि गुजराती-पारशी कंपन्यांसाठी जे पडदे रंगवले त्यांनी त्यांचे मेस्त्री हे आडनावच पुसून टाकले. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच नाव राहिले. धंद्यावरून आडनाव पडण्याची आपली जुनी चाल, पण इंग्रजी शब्दाचे मराठी आडनाव होणे हे नवलच. केशवराव स्वतः हौशी माणूस. दर्शनी पडदा मखमलीचा हवा, रंगवलेले पडदे नाटकागणिक नवे हवेत, असा त्यांचा आग्रह. पुढे ललितकलादर्शचे पडदे पु. श्री. काळे यांनी रंगवले. त्यांनी 'ललितकलेच्या सहवासात' या पुस्तकात आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून पडद्यामागच्या माणसाचे जग आपल्याला थोडे तरी कळते. बाकीच्यांनी कुंचला धुतला आणि ते घरी गेले.

१९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी भावाचे सिनेमाचे स्वप्न उचलले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. (पडदा हाच शब्द तिथेही गेला, पाहा!) त्या कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी घडली आणि पुढे तिच्यातून प्रभात निघाली. शांताराम त्याआधी पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते. म्हणजे आपला बोलपट ज्यांनी मोठा केला त्यांतल्या काहींचे हात आधी नाटकाच्या दोरीला आणि सरसाच्या वाटीला लागलेले होते. पण सिनेमात पडद्याच्या रंगाचे सारे गणितच फिरले. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, तो काळा उमटे. निळे आकाश पांढरे उमटे. डोळ्यांना जे सुंदर ते कॅमेऱ्याला कुरूप. बाबूरावांनी तर चितारलेल्या कापडाऐवजी उभारलेल्या, अंगाने भरीव अशा देखाव्यांकडेच मोर्चा वळवला. ज्याने उत्तम पडदे रंगवले त्यानेच पडदा बाजूला सारला, यात मला विसंगती दिसत नाही. कापडावरच्या खोट्या सावलीची मर्यादा त्याच्याइतकी कोणाला कळणार?

१९२१ च्या ८ जुलैला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव यांचा संयुक्त 'मानापमान' झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वय अवघे एकतीस. आणि योगायोग पाहा, त्याच साली तिकडे स्वीडनमध्ये एका अभ्यासकाने ड्रॉटनिंगहोमच्या राजवाड्यातले एक बंद पडलेले नाटकगृह उघडले. १७६६ साली बांधलेले, शंभरावर वर्षे अडगळीची खोली झालेले. आत अठराव्या शतकातले रंगवलेले देखावे जागच्या जागी होते. त्यांना कोणी हात लावला नव्हता, कोणी नवे रूप दिले नव्हते, हवा थंड होती, म्हणून ते वाचले.

आपले का नाही वाचले? पावसाळा, वाळवी, उंदीर ही कारणे खरीच. सरस म्हणजे उंदराला पक्वान्न. पण आणखी एक कारण या रंगाच्या गुणातच आहे. सरसाचा रंग ऊन पाण्याने धुऊन निघतो. नाटक जुने झाले, राजवाडा विटला, की पडदा धुवायचा. मांजरपाट पुन्हा कोरे. त्यावर नवे अरण्य रंगवायचे. ज्या सोयीमुळे हा रंग कंपनीच्या मालकाला परवडला, त्याच सोयीने एकेक चित्र धुऊन नेले. मग १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आले, रंगमंचावर खरीखुरी दिसणारी खोली आली. बोलपटाने प्रेक्षक नेले. आणि चितारलेले पडदे भाड्याने देणाऱ्यांकडे, शाळांच्या संमेलनांत, खेड्यापाड्यांच्या गणेशोत्सवांत जाऊन राहिले. झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडे, दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्र-रात्र नाटके होतात, तिथे त्यांचा संसार सगळ्यांत लांबला. कोल्हापूरचे जे थिएटर शाहूमहाराजांनी बांधले आणि पुढे केशवरावांचे नाव ल्याले, ते २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता.

हे सगळे झाले, तरी व्हार्निशचा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर मला कोल्हापुरात मिळाले नाही, आमच्याच नदीकाठी मिळाले.

नशिराबादहून भुसावळकडे निघालो की साकेगावापाशी वाघूर ओलांडावी लागते. ही नदी येते अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायथ्याला वळसा घालून. त्या लेण्यांतली चित्रे कशाची आहेत? गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती, हिरवा दगड, आणि निळ्याला तो बदख्शानचा लाजवर्द. हे सारे सरसासारख्या चिकट पाण्यात कालवून मातीच्या कोरड्या गिलाव्यावर लावलेले. म्हणजे नाटकाच्या पडद्याचीच कृती, फक्त कापडाऐवजी डोंगर. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा लष्करी अंमलदार वर्षानुवर्षे तिथे बसून या चित्रांच्या नकला करीत होता, कॅनव्हासवर, तैलरंगात. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल १८७९ साली वारला. त्याचे थडगे भुसावळला आहे. त्याच्यामागून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ पर्यंत काम चालले. त्यांच्याही पुष्कळशा नकला १८८५ साली लंडनलाच जळाल्या. तेलाचे कापड दोनदा गेले, मातीची भिंत राहिली.

पण भिंतीलाही एक दुखणे लागले. नकला करताना मूळ चित्र उजळ दिसावे म्हणून ग्रिफिथ्स यांनी त्यावर व्हार्निश दिले. त्या दिवशी चित्रे झळकली असतील यात शंका नाही. पुढे ते व्हार्निश पिवळे पडले, तपकिरी झाले, त्यात धूळ आणि वटवाघळांची घाण बसली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून जाणकार आणले. त्यांनी सुटणारे गिलावे पक्के केले हे त्यांचे उपकार. पण त्यांनीही वर लाखेचे पाणी दिले. तो थर काढण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षे गेली. सरसाचा रंग श्वास घेणारा. त्याच्यावर चमकदार कातडे चढवले की दिवसभर शोभा, आणि मग ते कातडे आपल्या ओढीने खालचा रंगही घेऊन सुटते.

हे मी पुतण्याला सांगितले. त्याला पटले, पण दुकानदाराचा हात गप्प बसेना. त्याने व्हार्निशचा नाद सोडला आणि पातळ सरस करून पाहू म्हणाला; मूळ चीज तीच, तेव्हा तीच परत द्यावी, हा त्याचा युक्तिवाद मला खोडता आला नाही. वडाच्या मुळाशी, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, त्याने मऊ कुंचल्याने रुपयाएवढा ठिपका दिला. ओला असताना तो छान दिसला. वाळला तेव्हा भोवती तपकिरी कडे उमटले होते, कापडात साठलेली कित्येक वर्षांची धूळ पाण्याबरोबर कडेला येऊन थांबली होती. त्याने कुंचला खाली ठेवला.

मग आम्ही पडदा उन्हात न घालता सावलीत दोन दिवस पसरून ठेवला आणि उलट बाजूने मऊ झाडणीने झाडला. पडदा ज्या बांबूला गुंडाळला होता तो बारीक, म्हणून रंगाला वाक जास्त पडत होता. जळगावला फ्लेक्स छापणाऱ्यांकडे जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या नळ्या पडून असतात. तिथून त्याने दोन आणल्या आणि एकीत दुसरी बसवून जोडल्या. चितारलेली बाजू बाहेर ठेवून, मधे धुतलेल्या जुन्या धोतरांचे पदर घालून, पडदा त्यावर सैल गुंडाळला. नळी माळ्यावर न टाकता मधल्या खोलीत तुळईला दोन ठिकाणी टांगली आहे, म्हणजे खाली वजन येत नाही आणि उंदरालाही चढायला जागा नाही.

शेजारचे म्हातारेबुवा हे सारे पाहायला रोज येत. शेवटच्या दिवशी पडदा पुरता गुंडाळण्याआधी त्यांनी खुर्ची मागवली, कंदील लावायला सांगितला आणि बराच वेळ त्या बगीच्याकडे पाहत बसले. कारंज्यापाशी एका नाटकात आपण द्वारपाल झालो होतो, असे ते म्हणाले. नाटकाचे नाव त्यांना आठवेना. रंगवणाऱ्याचेही आठवेना, तो भुसावळकडचा होता, रेल्वेत कामाला होता आणि रंग कालवताना कोणाशी बोलत नसे, एवढेच.